दुधीची फुलं

“घर सोडलं, किल्ल्या सोडल्या, माणसं सोडली. मग माई, डोळे मिटले की तो कोबाच का दिसतो?”

रेवामाई वाती वळत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं,

“कसला कोबा?”

इतके दिवस द्वारकाबाईंनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. मग सांगू लागल्या तशा भडाभडा सांगू लागल्या.

तालुक्याच्या गावी त्यांचं घर. घरामागे परसू. लग्न होऊन आल्या तेव्हा तिथं नुसता राडारोडा होता. दगड वेचून, शेण कालवून, त्यांनी तिथं माती केली. वांगी, अळू, घेवडा, दारच्या भाजीवर मुलगा वाढवला. नवरा गेला त्या वर्षी तर दिवसदिवस त्या तिथंच बसून असायच्या. यंदा दिवाळीला भावाकडे गेल्या, चार दिवस जास्त राहिल्या. परत येऊन मागचं दार उघडतात तर...

“परसू नाही. सिमेंट! भिंतीपासून भिंतीपर्यंत गुळगुळीत. कढीपत्ता तेवढा ठेवलेला. गळ्याशी आवळल्यासारखा.”

“कुणी घातलं?”

“मुलानं. सून उभी राहून बघत होती.”

“का घातलं?”

“ते त्यांना विचारा.”

“तू विचारलंस?”

द्वारकाबाईंनी विचारलं नव्हतं. किल्ल्या देवापुढे ठेवल्या होत्या, दोन लुगडी पिशवीत घातली होती आणि ओढ्याकाठच्या या दत्ताच्या देवळात येऊन राहिल्या होत्या. रेवामाईंचा त्यांना आधीपासून आधार वाटे. माई कुणाला उपदेश करत नसत. देऊळ झाडत, झोळी घेऊन भिक्षा मागून आणत, आल्यागेल्याला भाकरी घालत. त्या वयानं किती, कुठल्या, कुणालाच ठाऊक नव्हतं.

“माई, मी आता संसारातून उठले. घरचं कुणी आलंच, तर मी नाही म्हणून सांगा.”

माईंनी पहिल्यांदा मान वर केली.

“कोण नाही म्हणून सांगू?”

...

दुसऱ्या दिवशी माईंनी त्यांच्या हातात खुरपं दिलं. देवळामागे जागा पडून होती, तिकडे बोट केलं.

“भाजी लाव.”

“मला वाटलं, नाम द्याल.”

“भेंडी लाव. गवार लाव. काय येत असेल ते लाव.”

द्वारकाबाई थोड्या हिरमुसल्या. पण खुरपं हाती आलं आणि हातांना बरं वाटलं हेही खरं.

रथसप्तमी उलटली होती, थंडी सरत होती. त्यांनी जमीन उकरली, ढेकळं फोडली, ओढ्याचा गाळ आणून पसरला. वाफे बांधले. भेंडी, गवार टोकली. लाल माठ मुठीनं फेकला. कडेला काकडी आणि मांडवाखाली दुधीच्या बिया, आळं करून. बी रात्रभर ओल्या फडक्यात ठेवायचं, टोक खाली करून लावायचं, सारं त्यांना पाठ होतं.

होळीपर्यंत वेल मांडवावर चढला. पाडव्याला माठाची पहिली भाजी झाली. देवळात येणारी माणसं दर्शन घेऊन मागे डोकावू लागली.

“बाई, काय हात आहे तुमचा!”

“माईंची कृपा,” द्वारकाबाई म्हणत. आणि पाठमोऱ्या होऊन हसत.

सकाळी त्या पानं उलटून किडे वेचत. दुपारी पाचोळा पसरून मुळं झाकत. दिवेलागणीला दुधीची पांढरी फुलं उमलली की मांडवाखाली जाऊन त्यांचं काहीतरी हलक्या हातानं चाले. दुधी असे लागले होते की मांडव वाकला होता.

एकदा माई अंगणात गहू निवडत होत्या. द्वारकाबाईंनी कोवळा दुधी पुढ्यात ठेवला.

“माई, आता बरं वाटतं. आता कोबा दिसत नाही.”

“काय दिसतं?”

“काही नाही. शांत वाटतं. सुटलं म्हणायचं.”

माईंनी दुधीवरून हात फिरवला.

...

चैत्रातली टळटळीत दुपार होती. ओसरीच्या पायरीखाली एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, पायात धुळीनं माखलेल्या चपला. एसटीनं फाट्यावर उतरून चालत आलेली दिसत होती.

द्वारकाबाई आत दुधीच चिरत होत्या. दारातून त्यांनी पाहिलं आणि विळीवरचा हात थांबला.

सुलभा. सून.

“आत्या आहेत का?” तिनं ओसरीवर गहू निवडणाऱ्या माईंना विचारलं. सासूला ती आत्या म्हणायची.

माईंनी आत पाहिलं. द्वारकाबाईंनी मान हलवली. नाही. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या.

“आहे,” माई म्हणाल्या. “पण नाही म्हणून सांग म्हणतेय.”

द्वारकाबाईंची कानशिलं तापली. सुलभा तशीच उन्हात उभी.

“बरं. त्यांना न्यायला नाही आले मी. त्या यायच्या नाहीत, ठाऊक आहे मला. एक विचारायचं होतं. तुम्हीच सांगितलंत तरी चालेल.”

“विचार.”

“दुधी लावलाय. आत्यांच्या डब्यातलं बी होतं. वेल चांगला गेलाय, फुलंही येतात. फुलाखाली इवलासा दुधी धरतो... आणि पिवळा पडून गळतो. एकही टिकत नाही.”

विळीसमोर द्वारकाबाईंचे कान टवकारले. फुलाखालचा दुधी गळतो. उत्तर त्यांच्या जिभेवर आलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

माईंनी विचार केल्यासारखं केलं.

“पाणी घालतेस?”

“एक दिवसाआड.”

“दोन्ही वेळेला घाल. आळं तुडुंब भर. सुकू म्हणून देऊ नकोस.”

द्वारकाबाई चुळबुळल्या. मूळ कुजेल...

“बरं,” सुलभा म्हणाली.

“आणि पानं फार झाली असतील. सगळी खुडून टाक. नुसता वेल ठेव.”

द्वारकाबाईंनी विळी खाली आडवी केली. या उन्हात? पानं काढून?

“बरं,” सुलभा म्हणाली. ती मनातल्या मनात घोकत होती.

“आणि मुळाशी उकर. ओंजळभर मीठ घाल.”

“मीठ?”

“मीठ. जाडं.”

“मरेल तो वेल!” द्वारकाबाई उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या. कशा आल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. “माई, काय सांगताय तिला? आणि तू गं, तू मान हलवत्येस! इतकी वर्षं माझ्या हाताखाली राहिलीस, मीठ घालतात का कधी वेलाला?”

“तुम्ही मला परसात कधी येऊच दिलं नाहीत, आत्या,” सुलभा म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या स्वरात. “तिथं पाय ठेवला की म्हणायचात, वाफा तुडवशील.”

...

माई पुन्हा गहू निवडू लागल्या होत्या, जणू त्यांचा इथं काही संबंधच नव्हता.

द्वारकाबाई उंबरा ओलांडून बाहेर आल्या. म्हणाल्या,

“मधमाशी येत नसेल. गावात कुठल्या मधमाश्या... फुलाला फूल लावावं लागतं.”

“म्हणजे?”

“सांगून नाही कळायचं. फुलं उमलू देत. दाखवते.”

म्हणून सुलभा थांबली. ओसरीच्या कडेला, खांबाला टेकून. माईंनी तिला भाकरी आणि दुधीची भाजी वाढली. तिनं दोनदा घेतली.

ऊन उतरलं. मांडवावरची फुलं एकेक करून उघडू लागली, पांढरी, चुरगळल्यासारखी. द्वारकाबाई तिला मांडवाखाली घेऊन गेल्या.

“हे बघ. लांब देठाचं, खाली काही नाही. हा नर. आणि हिच्याखाली दुधी आहे, ही मादी. नर खुडायचा. पाकळ्या मागे सोलायच्या. आणि असं... तिच्या मधोमध टेकवायचं. रगडायचं नाही. बाळाच्या गालाला बोट लावतो ना, तेवढंच. रोज दिवेलागणीला. हं, कर तू.”

त्यांनी फूल पुढे केलं. सुलभानं हात पुढे केला.

हाताची सालटं गेलेली होती. तळव्यावर जुने फोड कडक झाले होते, काही पुन्हा फुटून लाल झाले होते. अंगठ्याच्या बेचक्यात चिंधी बांधली होती.

“काय झालं हे?”

“काही नाही. पहारीचे.”

“पहार कशाला घेतलीस तू?”

सुलभानं फूल घेतलं. सोलताना एक पाकळी फाटली. ती खालीच बघत होती.

“मग वेल कुठे लावला वाटलं तुम्हांला?”

...

मांडवात एक भुंगा शिरला, घुमला, निघून गेला.

“कोबा... तू फोडलास?”

“सगळा नाही झाला. भिंतीकडचा राहिलाय. हे म्हणत होते, गवंडी लावू. मी म्हटलं, नको.” तिनं फूल मादीच्या मधोमध टेकवलं. “घातलाही होता तुमच्यासाठीच, आत्या. श्रावणात तुम्ही परसातल्या चिखलात घसरलात, मनगट मोडलं. ह्यांनी धसका घेतला. तुम्हांला विचारलं असतं तर नाहीच म्हणाला असतात. म्हणून तुम्ही नसताना... चुकलंच ते. मला कळत होतं. बोलायचं धाडस झालं नाही.”

द्वारकाबाईंनी डाव्या मनगटावर उजवा हात ठेवला. हाड जुळलं होतं तिथं अजून गाठ लागायची. माईंना सारं सांगितलं होतं त्यांनी, दगड वेचल्यापासून सिमेंटपर्यंत. हे मात्र सांगायचं राहिलं होतं. राहिलं होतं की वगळलं होतं, हे त्यांना आत्ता या घटकेला नीट सांगता आलं नसतं.

“बरोबर जमलं का?” सुलभानं विचारलं.

“जरा हलकं,” द्वारकाबाई म्हणाल्या. “पण जमलं.”

शेवटची एसटी गाठायला सुलभा निघाली. वाकून माईंच्या पाया पडली, मग सासूच्या. द्वारकाबाईंचा हात तिच्या डोक्यावर जास्त वेळ राहिला. सुलभा ‘चला’ म्हणाली नाही. फाट्याकडे चालू लागली. तिचा पदर वळणापाशी दिसेनासा होईपर्यंत द्वारकाबाई उभ्या होत्या.

...

माईंनी दत्तापुढे दिवा लावला, दुसरा हातात घेऊन त्या ओसरीवर येऊन बसल्या.

“माई, तुम्ही मुद्दाम खोटं सांगितलंत तिला.”

“मला बागेतलं काय कळतं?”

“मीठ, माई!”

“मीठ सगळ्यालाच लागतं, असं वाटलं मला.”

द्वारकाबाईंना हसू आलं, आणि हसता हसताच रडू फुटलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला. माईंनी त्यांना रडू दिलं. थोपटलं नाही, समजावलं नाही. ओढ्यावरून बैलांना घेऊन कुणी घरी चाललं होतं, त्यांच्या घुंगरांचा आवाज लांबत लांबत गेला.

“एकदा ‘चला’ म्हणाली असती, तर...”

“दुपारी उन्हात उभी होती. तू एकदा ‘बस’ म्हणालीस?”

द्वारकाबाईंना ते उन्हातलं उभं राहणं आत्ता दिसलं. दुपारी दिसलं नव्हतं.

“तिच्या हाताला तूप-हळद लावायला हवी,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “तिला कळायचं नाही. तशीच भांडी घासत बसेल.”

माईंनी वातींचा कापूस जवळ ओढला.

“भिंतीकडचा कोबा तिच्यानं एकटीनं नाही निघायचा. तिकडे जाड घातलाय.”

माईंनी एक वात वळली.

“पण माई... सोडून आलेल्या माणसानं परत जायचं म्हणजे काय? लोक काय म्हणतील ते म्हणोत. मी स्वतःला काय सांगू? इतक्या दिवसांत जे मिळवलं, ती शांती, ते सगळं... ते खोटंच होतं का? आणि उद्या पुन्हा तिच्याशी वाजलं तर? वाजणारच. मी अशी, ती तशी. मग पुन्हा पिशवी घेऊन इथं येऊ?”

माईंनी दिव्याकडे पाहिलं. वात पुढे सारली.

“सांगा ना, माई. मोह म्हणायचं का याला? जाऊ की राहू?”

माई उठल्या. गुडघ्यावर हात देत, सावकाश. खुंटीवरची झोळी काढली, झटकली, उद्यासाठी खांद्याजवळ धरून पाहिली.

“उद्या दुपारी तुमच्या गल्लीत भिक्षेला येईन,” त्या म्हणाल्या. “तुम्हां दोघींतली जी मोकळी असेल, तिनं दार उघडावं.”