छाप्यात नसलेले टाके

एका गावात एक सासू होती आणि, सासू म्हटल्यावर असायचीच तशी, एक सूनही होती. गाव ढगांच्या इतकं उशाशी, की सकाळी वाळत घातलेले कपडे संध्याकाळी अधिक ओले निघत. गावाला त्याचं काही वाटत नसे. गाव बराच वेळ पेंगतच असे.

गावाची समजूत अशी, की झोप ही कापसाच्या पावलांची एक म्हातारी आहे. ती गोधडीच्या काठावरून आत शिरते आणि टाक्यांवर पाय देत देत मधल्या कमळावर निजवलेल्या बाळापाशी पोचते. म्हणून बाळाच्या पहिल्या गोधडीवरची वेल काठापासून कमळापर्यंत एकाच अखंड रेघेत शिवायची, आणि ती आईनंच शिवायची, असा रिवाज होता.

सुनेला मुलगी झाली. सासूनं आपला जुना छापा सुनेच्या हाती दिला आणि ती स्वतःच्या लेकीच्या गावी गेली. छापा म्हणजे एक पातळ चामडं, त्यात वेलीच्या आकाराचे चर कापलेले. तो कापडावर ठेवून वरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी थोपटायची. छापा उचलला, की खाली पांढरी वेल उमटलेली. तिच्यावर धावदोरा घालत जायचं.

चर मात्र सलग नव्हते. जागोजागी मध्ये बोटभर चामडं सोडलेलं होतं, त्यामुळे तिथं खडू पडत नसे. सून काटेकोर. तशा प्रत्येक जागी तिनं गाठ मारली, दोरा तोडला आणि पलीकडून नव्यानं सुरुवात केली.

"अगं, मध्ये मोकळं का सोडतेस?" शेजारणीनं विचारलं.

"छाप्यात तसंच आहे."

अशा उत्तरापुढे कुणाचं काही चालत नाही. शेजारीण घरी गेली.

गोधडी सुरेख झाली, पण पोर तिच्यावर झोपेना. डोळे मिटायची आणि दचकून उघडायची. तीन दिवसांत तिचा आवाज बसला, दूधही नीट ओढेना. चौथ्या दुपारी सुनेच्या जागरणानं जड झालेल्या डोळ्यांना झोप दिसली. ठेंगणी, धुक्यासारखी पांढरी. टाक्यांवरून दुडुदुडु आली, पहिल्या मोकळ्या जागेशी थांबली. पलीकडे पाहिलं, खाली वाकून पाहिलं. मग तिथंच बसून तिनं सावकाश सुपारी कातरली, तोंडात टाकली आणि आल्या वाटेनं परत गेली.

"म्हणजे छाप्यातच खोट आहे," सून म्हणाली. कात्री घेऊन ती मधलं चामडं कापत सुटली. शेवटचा तुकडा कापला आणि अख्खं कमळ गळून तिच्या मांडीवर पडलं. हातात उरलं ते एक मोठं भोक.

तेवढ्यात सासू दारात उभी. उंबऱ्याशी कुत्रा लोळत होता, आणि असले आळ घ्यायची त्याला सवयही होती. सुनेनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग पोरीकडे पाहिलं.

"आत्याबाई, छापा मी कापला. मध्ये मध्ये वेल तुटत होती म्हणून."

सासूनं कमळ उचलून फुंकर मारली. "तेवढ्या चामड्यानंच तर हे धरून ठेवलं होतं गं."

"मग तिथं शिवायचं कसं? तिथं तर रेघच नाही."

"अलीकडची वेल कुठं वळतेय ते बघायचं आणि सुई न्यायची. हे माझ्या सासूनं मला सांगितलं नव्हतं. मी तुला सांगणार होते, पण लेकीकडची बैलगाडी आली."

"आणि चुकलं तर?"

"तर तेवढी वेल तुझी."

सुनेनं गाठी उसवल्या. मोकळ्या जागी सुई नेताना पहिले टाके वाकडे पडले. पुढचे बरे आले. शेवटचा टाका कमळात पडला तेव्हा खिडकीतून ढग आत येत होता. झोप पुन्हा आली. वाकड्या टाक्यांवर जराशी अडखळली, पदर सावरला, सुनेकडे एक नाराज कटाक्ष टाकला आणि पुढे चालत राहिली. कमळाशी पोचली तशी पोरीची मूठ हळूहळू उघडली.

हातात सुई तशीच धरून सूनही तिच्याशेजारी कलंडली. सासूनं सुई काढून घेतली आणि छाप्याचे तुकडे जोडायला बसली, मधल्या पट्ट्यांसकट.

तात्पर्य: शिकवणाऱ्याच्या हातून काही जागा मोकळ्या राहतातच, शिकणाऱ्यानं त्या पाहून थांबू नये, कापूनही टाकू नयेत, आपल्या हातानं ओलांडाव्यात.