सातवाला आणि तीनवाला

नदीच्या अल्याड एक गाव होतं. त्या गावात एक शूटिंगवाला राहायचा. सगळे त्याला अण्णा म्हणत. लग्न असो, बारसं असो, नाहीतर सरपंचांच्या म्हशीला प्रदर्शनात बक्षीस मिळालेलं असो, अण्णांचा कॅमेरा तिथे हजर असायचाच.

अण्णांकडे एक लॅपटॉप होता. काळा, जाडजूड, झाकणाच्या बिजागरीला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलेला. कीबोर्डच्या कडेला एक चकचकीत स्टिकर होता आणि त्यावर सातचा आकडा. आतला प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू, कोणता आहे हे सांगणारा तो स्टिकर. विकताना दुकानदार म्हणाला होता, "अण्णा, यात तीन येतो, पाच येतो. तुम्हाला देतोय तो सात! याच्या वर काही नाही." झालं. अण्णांनी ते वाक्य काळजात जपून ठेवलं आणि रोज सकाळी धोतराच्या सोग्याने तो स्टिकर पुसायला सुरुवात केली.

आणि खरं सांगायचं तर ते दिवस होतेच तसे. नदीवर तेव्हा पूल नव्हता. पल्याडच्या लग्नांना होडीतून जावं लागे. अण्णा लॅपटॉप शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसायचे, तर होडीवाला हसून म्हणायचा, "अण्णा, पोराला जरा आतल्या अंगाला घ्या. पानी उडंल." लग्न लागलं की मांडवाच्या कोपऱ्यात, नुसत्या बॅटरीवर, सगळं शूटिंग कापून, जोडून, सनई घालून अण्णा तिथल्या तिथे दाखवायचे. वरमाय स्वतःला पडद्यावर बघून लाजायची. पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढायची. नवरीचा बाप तेवढा बघायचा नाही, तो लांब जाऊन उभा राहायचा. काय दिवस होते ते! आठवले की अण्णांचा हातातला चहा गार व्हायचा.

मग पूल झाला. घरोघरी मोबाइल आले आणि जो तो शूटिंगवाला झाला. अण्णांच्या दुकानात ओळखपत्राचे फोटो काढायला तेवढे लोक येऊ लागले.

अण्णांची लेक शिकूनसवरून परत आली आणि म्हणाली, "अण्णा, दुकान मी चालवते तुमच्याबरोबर." येताना तिने एक नवाकोरा डेस्कटॉप आणला होता. पाण्याच्या टाकीएवढी पेटी, तिला मोठा पंखा, आणि पेटीवर स्टिकर. त्यावर आकडा होता तीन.

अण्णा खो खो हसले. "तीन? अगं, सात मोठे की तीन? बालवाडीत शिकवलं नाही का तुला?"

"अण्णा, तो आकडा इयत्तेचा नसतो. त्या त्या वर्गातल्या गुणांचा असतो," लेक म्हणाली. "तुमचा सातवाला त्याच्या वर्गात पहिला होता. माझा तीनवाला यंदाच्या वर्गातला साधा पोरगा आहे. पण यंदाचा अभ्यासक्रमच पुढे गेलाय. शिवाय तुमच्याला थोड्या विजेवर, लहानशा अंगात भागवायचं असतं. याला भिंतीतून हवी तेवढी वीज, आणि पंखाही केवढा!"

"म्हणजे पहिला आलेला पोरगा म्हातारा झाला, की कालच्या पोरानं त्याला शिकवायचं?"

"मी म्हातारा म्हटलं का?"

"नाही म्हटलंस. पण मी ऐकलं," अण्णा म्हणाले आणि स्टिकर पुसू लागले.

त्या दिवसापासून दुकानात दोन टेबलं झाली. एकावर सातवाला, एकावर तीनवाला. बापलेक जेवायला एकत्र बसत, पण कामाला एकमेकांकडे पाठ करून बसत. अण्णांनी तर बजावूनच ठेवलं होतं, "माझं काम तुझ्या पेटीत जाणार नाही."

एके दिवशी सकाळी होडीवाली आजी दुकानात आली. होडीवाल्याची बायको. होडीवाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. आजीने कनवटीतून एक छोटी कॅसेट काढली आणि अण्णांच्या हातावर ठेवली.

"वळखलं का?"

अण्णांनी ओळखलं. पूल सुरू झाला त्या दिवशी होडीची शेवटची फेरी झाली होती, तिचं शूटिंग त्यांनीच केलं होतं.

"आज सांजच्याला नातीची हळद हाय," आजी म्हणाली. "तवा ही एवढीशी व्हती, आज्याच्या खांद्यावर बसलेली. पर तिला आज्याचा आवाजच आठवत न्हाई. काल रातच्याला रडली. म्हनली, आजे, तेंची हाक कशी व्हती गं? आता मी बाईमानूस, मी कशी काढू तसली हाक? तेवढी ऐकव तिला अण्णा. उद्या ती सासरी जाईल."

ती हाक कोण विसरेल! पल्याडच्या काठावर होडी लागली, की होडीवाला दोन्ही तळवे तोंडाशी धरून ओरडायचा, "हाय का कुनी पल्याऽऽड?" आणि या काठावरून आजी, तेव्हाची तरणी बाई, भाकरी थापता थापता ओ द्यायची.

"ऐकवतो. माझा शब्द," अण्णा म्हणाले.

लेकीने कॅसेट उजेडात धरून पाहिली. टेपला बुरशीचे ठिपके पडले होते. एकदा वाजली तर वाजली, दुसऱ्यांदा सांगता येत नव्हतं. त्यात ती कॅसेट चालायची जुन्या कॅमेऱ्यावर आणि त्या कॅमेऱ्याची वायर लावायला तीनवाल्याला जागाच नव्हती. सातवाल्याला होती.

"बघ! तुझ्या पेटीला तोंडच नाही," अण्णा म्हणाले. लेक हसली, पण तिनेच वायर नीट फुंकून दिली.

सातवाल्याने काम चोख केलं. अण्णा डोळ्यांत तेल घालून बसले होते. शेवटची फेरी आली, होडी आली, होडीवाल्याचे हलणारे ओठ आले. आणि अगदी शेवटी कॅमेऱ्यातून कट् असा आवाज आला. टेप तुटली होती. जे काही उरलं, ते आता फक्त सातवाल्याच्या पोटात होतं.

पण घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं होतं. त्या दिवशी नदीवर वारा पिसाळलेला होता. शूटिंगमध्ये नुसता घूंऽऽ घूंऽऽ घोंगाट. त्यातून माणसाचा आवाज निवडून काढायचा, म्हणजे तांदळातले खडे निवडण्यासारखं बारीक काम. अण्णांनी सातवाल्याला ते काम लावलं.

पंखा घरघरू लागला. पडद्यावर उरलेला वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढू लागला. अण्णांनी खाली दोन पाट सरकवले, पुठ्ठ्याने वारा घातला. "चल रे माझ्या राजा. हिंमत धर."

"तो तापलाय, अण्णा. तापला की जीव वाचवायला तो आपणहून हळू होतो," लेक म्हणाली. तेवढ्यात पडदा काळा झाला.

अण्णांनी पुन्हा सुरू केला. पुन्हा काम लावलं. पुन्हा पडदा काळा. तिसऱ्यांदा सुरू करताना आतून खर्र खर्र आवाज आला, तशी लेक उठून उभी राहिली.

"अण्णा, आता ताणू नका. हा गेला तर शूटिंग घेऊन जाईल. नुसती फाइल काढून घेऊ द्या मला. निवडायचं काम तीनवाला करेल."

अण्णा स्टिकरकडे बघत राहिले. ऐकावं, तर इतकी वर्षं पुसलेला आकडा खोटा ठरत होता. न ऐकावं, तर...

दारात होडीवाली आजी उभी होती. हात हळदीने पिवळे झालेले. "झालं का रं अण्णा? पोरगी इचारतीया."

"होतंय" हा शब्द अण्णांच्या ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला. आजीच्या हातांकडे पाहिलं, धापा टाकणाऱ्या लॅपटॉपवर आपला हात ठेवला. चटका बसला.

"घे, पोरी," ते म्हणाले. "याच्याच्यानं आता होत नाही."

सातवाल्याने फाइल सावकाश, पण पुरती बाहेर दिली. लेकीने तीनवाल्याला काम लावलं. अण्णा चहा ठेवायला आत गेले, आणि चहा गाळून दोन कप घेऊन आले तोवर काम झालंही होतं. अण्णांना आनंद झाला आणि तेवढंच वाईटही वाटलं. ऐकून बघायला सवडच नव्हती. हळद सुरू झाली होती. दोघं तशीच धावली.

मांडवात प्रोजेक्टरसमोर पांढरी चादर ताणली होती. नवरी हळदीच्या अंगाने पाटावर बसली होती. चादरीवर नदी आली, होडी आली, सगळं जुनं गाव आलं. "त्यो बघा माझा बा!" "अगं, किती बारीक होतीस तू!" असा गलका झाला. मग चादरीवर होडीवाला दिसला. नातीला खांद्यावर घेऊन तो नव्या पुलाचा कठडा हाताने चाचपत होता. कुणीतरी त्याला विचारलं, "काय गा, पूल झाला. वाईट न्हाई वाटत?"

अण्णा चमकले. शूटिंग त्यांनीच केलं होतं, पण वाऱ्यामुळे हे बोलणं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

"वाटतंय की," होडीवाला म्हणाला. "पर पुलाशी कसली बरोबरी? म्या हतवर लोकं आनली. हितनं फुडं त्यो नेईल. ही पोरगी पुरात बी साळंला जाईल आता." आणि त्याने नातीच्या पायाचा मुका घेतला.

अण्णांनी मान खाली घातली. लेकीने त्यांचा हात धरला.

आता होडीवाला रिकामी होडी घेऊन पल्याड गेला होता. काठावर उभा राहून त्याने तळवे तोंडाशी धरले.

"हाय का कुनी पल्याऽऽड?"

लख्ख आवाज. मांडवाचे खांब थरारावेत असा. नवरी ताडकन उठली, हळदीचे हात तोंडावर गेले. आणि मागून, बायकांच्या घोळक्यातून, सत्तरी उलटलेला एक आवाज आला.

"हाय वोऽऽ! आमी समदी हाय हितं!"

आजी भाकरी थापता थापता द्यायची, तशीच ओ तिने दिली होती.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी दोन्ही टेबलं जोडून एक केली. गावातल्या ट्रंकांमधून मग किती तरी जुन्या कॅसेटी निघाल्या. सातवाला त्या हळूहळू वाजवून बाहेर काढायचा, तीनवाला त्या धुऊनपुसून लख्ख करायचा. अण्णा रोज सकाळी स्टिकर पुसत, आता दोन्ही.

तात्पर्य सांगायचं तर इतकंच: अंगावरचा आकडा मिरवत बसू नये आणि दुसऱ्याचा बघून हसूही नये. आपण जिथवर आणलं त्याचं समाधान मानावं आणि पुढचं नेणाऱ्याच्या हाती मोकळ्या मनाने द्यावं.