निखारे आणि भुसा

"…तर मग चुलीचं तोंड आईच्या खोलीत घ्यावं की स्वयंपाकघरात, बाबा? एवढं एकच अडलंय."

धुनीपाशी बसलेल्या गोसावीबाबांनी जळतं लाकूड थोडं पुढे सारलं, इतकंच.

घर बांधताना चुलीची जागा गुरूच्या तोंडून घ्यायची, ही देवतळ्यांच्या घराण्यातली रीत. म्हणून भास्कर देवतळे मेळघाटातला तो डोंगर चढून आला होता. खरं सांगायचं तर त्याला जागा नको होती, शाबासकी हवी होती.

घर तो स्वतःच्या हातांनी बांधत होता. आईचे सांधे थंडीनं धरायचे. तुला उबदार खोली देईन, असा शब्द त्यानं तिला दिला होता, आणि गडी शब्दाचा पक्का.

लोक धुनीची जी राख कपाळाला लावतात, तिच्यातच त्यानं काडीनं नकाशा काढला.

"ही दुहेरी भिंत. मधल्या पोकळीत धानाचा भुसा. म्हणजे गारठा आत यायचा नाही, ऊब बाहेर जायची नाही. चुलीचा धूर फरशीखालच्या नळीतून फिरेल आणि मग धुराड्यानं वर. फरशी रात्रभर कोमट!"

"बेस हाये. कवापासून बांधून रायला?"

"हा तिसरा हिवाळा. दोनदा भिंत पाडली, धुराडं धूर नीट ओढत नव्हतं. अर्धवट काम मला खपत नाही."

बैल गेल्यावर झोपा करणारे जगात पुष्कळ. बैल दारात थंडीनं कुडकुडत असताना झोप्याला नक्षी कोरत बसणारा हा एकटाच असावा.

वारा सुटला. फाटक्या छपरातून थंडी सरळ खाली आली. भास्करनं हात शेकता शेकता वर पाहिलं आणि त्याला राहवलं नाही.

"तुमच्या धुनीची बारा आणे ऊब तर छपरातूनच जाते, बाबा."

"अन् चार आणे?"

"ती आपल्याला लागते."

"लागते ना?"

"…लागते."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं.

"माय कुठी झोपते सध्या?"

"टिनाच्या शेडमध्ये. बांधकामाला लागूनच आहे."

"तिथं शेगडी असंन."

"नाही… शेडमध्ये भुशाची पोती ठेवलीत. कोरडी जागा तेवढीच आहे. एक ठिणगी उडाली की सगळं खाक. मीच तिला विस्तव पेटवू देत नाही."

"काई म्हनते?"

भास्करनं नकाशातली एक रेघ काडीनं पुन्हा ओढली. काल संध्याकाळी आई पोत्यांना पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. "भास्कर, भिंतीले घालतं त्यातला थोडा भुसा मलेच पांघराले दे ना रे," असं हसत म्हणाली होती. त्याला भयंकर राग आला होता. जिच्यासाठी मरमर मरायचं, तिनंच टोमणा मारावा! तो तिच्यावर ओरडला. ती मग बोललीच नाही, नुसती खोकत राहिली.

"खोकते," तो शेवटी म्हणाला. "म्हणून तर घाई करतोय. चुलीचं तोंड एकदा ठरलं की…"

बाबा उठले. कोपऱ्यातलं एक खापर घेतलं, धुनीतले निखारे चिमट्यानं त्यात भरले आणि ते भास्करपुढे ठेवलं.

"घे. मायले ने."

भास्करला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त राग आला. पण हिशेब करायची खोड जाते कुठे? डोंगर उतरायचा, नाला ओलांडायचा, मग पुढे सगळा घाटरस्ता. त्यानं मनातल्या मनात वाट मोजली.

"बाबा, हे घरापर्यंत टिकायचे नाहीत. वाटेतच विझतील."

बाबा खाली बसले. राखेतल्या नकाशावरून त्यांनी तळहात फिरवला. चिमूटभर राख उचलून भास्करच्या कपाळाला लावली.

"विझू दे. मायले सांगजो, निंगालो तवा लाल होते."