धरलेली घटिका

पूर्वी लवणपट्टण नगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी घटिकापात्र सांभाळणाऱ्या कुळात जन्म घेतला. त्यांचे नाव धीरक. तांब्याची एक वाटी, तिच्या तळाला सुईच्या टोकाएवढे छिद्र आणि खाली पाण्याने भरलेले घंगाळ, एवढाच त्यांचा संसार. वाटी पाण्यावर सोडली की हळूहळू भरत जाई आणि बुडे. बुडाली की एक घटिका झाली. मग धीरक झांजेवर टोला देत आणि वाटी रिकामी करून पुन्हा सोडत. राजसभेत कोणी किती वेळ बोलायचे ते या पात्रावर ठरे.

त्या किनाऱ्यावर मीठ उकळून काढीत. खाडीचे पाणी मातीच्या मडक्यांत भरायचे, खाली भट्टी पेटवायची आणि पाणी आटले की मीठ खरवडायचे. भट्टीला लाकूड लागे, ते खाडीतल्या तिवरांच्या झाडांचे. तिवरांची मुळे चिखल धरून ठेवतात, लाटेचा जोर मोडतात, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होते. ठाऊक असूनही तीन खाड्या उघड्या पडल्या होत्या. तिथल्या वस्त्या उठून गेल्या होत्या आणि त्यांची नावेही आता कोणी घेत नसे. उरले होते मोठ्या खाडीच्या तोंडावरचे शंखद्वीप, चाळीस घरांचे, आणि त्याच्यापुढे तिवरांचा शेवटचा पट्टा.

अकरा वर्षांपूर्वी सगळ्या बंदरांनी एकत्र येऊन करार केला होता. भट्ट्या कमी करायच्या, तिवरे राखायची. शंख वाजले, म्हाताऱ्या माणसांनी डोळे पुसले. शपथ घेणाऱ्यांचे मन त्या दिवशी खरे होते. फक्त भट्ट्या किती कमी करायच्या, आधी कोणी करायच्या आणि केल्या की नाही हे मोजायचे कोणी, एवढे ठरायचे राहिले होते. ते ठरवण्यासाठी दर वर्षी सात दिवस सभा बसे. सभेत जे बोलले जाई ते सगळे लिहून ठेवले जाई, आणि लिहून ठेवल्यामुळे ते घडले आहे असे सर्वांना वाटे.

लवणपट्टणच्या बाजूने अमात्य पिंगल बोलत. नव्याने वाढलेल्या उत्तरकूल बंदराच्या बाजूने श्रेष्ठी नंदिक.

"आमच्या भट्ट्या एकशे चाळीस," पिंगल सांगत.

"छपराखालच्या," नंदिक म्हणत. "उघड्यावरच्या कुठे गेल्या?"

"उघड्यावर असते तिला आम्ही चूल म्हणतो. आणि तुमच्या साठच कशा?"

"मोजायला गेलो त्या दिवशी साठ पेटलेल्या होत्या."

"त्या दिवशी पाऊस होता म्हणे."

"पाऊस काय मी पाडला, अमात्य?"

सभा हसे. मग नंदिकांचा आवाज चढे. "तुमच्या आजोबांनी तीन खाड्या जाळल्या आणि माड्या बांधल्या. आमच्या घरी आत्ता कुठे दोन वेळ शिजायला लागले, तर म्हणता विझवा. उन्हात वाफे करून मीठ पिकवायची युक्ती तुमच्या माणसांना जमली आहे, ती मात्र दडवून ठेवता."

"आजोबा गेले, त्यांना मी कुठे विचारू?" पिंगल म्हणत. "आज धूर कोणाकडून जास्त येतो ते बघा."

दोघांचेही खरे होते, म्हणूनच ते भांडण संपत नव्हते.

सभा पौर्णिमेला संपे. त्या दिवशी मध्यान्हीचे शेवटचे पात्र बुडेपर्यंत काही ठरले नाही तर ते वर्ष फुकट, भट्ट्या पूर्वीसारख्या चालू. पण राजा मऊ मनाचा होता. कोणालाही नाराज करून घरी पाठवायचे त्याच्या जिवावर येई. पात्र काठाशी आले की तो हळूच म्हणे, "धीरक, पात्र धर." धीरक पाण्यात हात घालून तळाच्या छिद्राला बोट लावत. मग घटिका संपत नसे. माणसे जेवून येत, झोपून येत आणि सभेत अजून मध्यान्हच असे. एका वर्षी तर ते मध्यान्ह चार दिवस चालले. शेवटी पुढच्या वर्षी पुन्हा भेटायचे असे एकमताने ठरे आणि धीरक बोट काढत.

"धीरक, तू आम्हाला वेळ मिळवून देतोस," सभासद त्यांची पाठ थोपटत. धीरकांना त्याचा अभिमान वाटे. बोधिसत्त्व असले तरी त्या जन्मी ते माणूसच होते.

शंखद्वीपाच्या वतीने सिप्पी नावाची म्हातारी येई. बेटाला बोलायला पाव घटिका मिळे, तीही सर्वांत शेवटी. ती बोले तेव्हा सारे मान हलवीत. तिच्याबद्दल वाईट वाटत नाही असा एकही माणूस त्या सभेत नव्हता, आणि तिच्यासाठी एक भट्टी विझवलेला माणूसही नव्हता.

त्या वर्षी सहाव्या दिवशी दुपारी सभा उठल्यावर सिप्पी धीरकांजवळ येऊन बसली.

"भाऊ, तुझं ते भांडं बघू."

धीरकांनी पात्र तिच्या हातात दिले. तिने ते उलटे करून पाहिले, छिद्राला बोट लावले.

"एवढंच करतोस?"

"एवढंच, आई."

"मग वेळ थांबतो."

"सभेचा थांबतो."

सिप्पीने पात्र खाली ठेवले. "गेल्या साली तू बोट लावून बसलास आणि मी घरी गेले. दुसऱ्या दिवशीच्या उधाणाला बेटाचा बांध फुटला. सून घरात होती. तिला दोन दिवस शोधलं, नाही सापडली. मी तशीच परत आले, म्हटलं सभेला सांगावं. तू दाराशी होतास. मला काय म्हणालास, आठवतं?"

धीरकांना आठवत होते. ते मायेने म्हणाले होते, "बस, आई. अजून मध्यान्हच आहे."

"तुझा राग नाही," सिप्पी म्हणाली. "तू पाणी दिलंस प्यायला. पण उद्या परत पौर्णिमा आहे. बांध त्याच जागी कच्चा आहे. आणि शेवटचा पट्टा तोडायला दोन्हीकडच्यांनी कोयते घासून ठेवलेत. आम्हाला नावेतून दिसतात."

धीरकांनी वाटी उचलली आणि विचार केला. पात्र बुडू दिले तर वर्ष जाईल आणि पट्टा तुटेल. पात्र धरले तर सभा आरामात बसेल आणि वर्ष तसेही जाईल. मग त्यांना एक जुना नियम आठवला. राजाचे वडील मोहिमेवर असताना छावणीतच न्याय करीत, तेव्हापासून पाळला गेलेला. पात्र जिथे, सभा तिथे.

सातव्या दिवशी सकाळी सभासद आले तो पात्र जागेवर नव्हते. द्वारपालाने निरोप सांगितला. धीरक पात्र, घंगाळ आणि झांज घेऊन सिप्पीच्या नावेतून शंखद्वीपावर गेले आहेत, सभा तिथे बसेल.

"या माणसाला आजच्या आज काढा," पिंगल म्हणाले.

"काढू," राजा म्हणाला. "पण आधी सभा तर भरू दे. पात्र तिकडे आहे."

कुरकुरत सगळे नावांत बसले. बेटावर सभामंडप नव्हता. धीरकांनी घंगाळ बांधाच्या माथ्यावर मांडले होते. नंदिकांचे जोडे चिखलात रुतले, ते त्यांनी हातात घेतले. राजाला एका उलट्या टोपलीवर बसवले. बोलणी तिथूनच सुरू झाली जिथे अडली होती, छपराखालच्या आणि उघड्यावरच्या भट्ट्यांपासून. बांधाच्या उतारावर सिप्पीने एक खुंटी ठोकली होती. पाणी खुंटीच्या खाली होते, मग खुंटीला लागले. नंदिक पावसाचा मुद्दा दुसऱ्यांदा मांडत होते तेव्हा खुंटी बुडाली.

शेवटचे पात्र काठाशी आले. राजाने सवयीने म्हटले, "धीरक, पात्र धर."

धीरकांनी बोट लावले. "धरले, महाराज."

पाणी वर येत राहिले.

राजाने पाण्याकडे पाहिले, मग धीरकांच्या हाताकडे. इतरांनीही पाहिले.

"महाराज," धीरक म्हणाले, "वेळ थांबला असे मी अकरा वर्षे आपल्याला भासवत आलो. माझ्या बोटाने फक्त या वाटीत येणारे पाणी थांबते."

"मग बोट काढ."

"काढले तर वर्ष संपले आणि हा पट्टा तुटला. आपण म्हणाल तोवर मी धरून बसतो. पण अजून मध्यान्हच आहे, असे मी यापुढे कोणालाही सांगणार नाही."

इतक्यात कच्च्या जागेतून पाणी झिरपू लागले. सिप्पीने सभेकडे पाहिलेही नाही. तिने हाक घातली आणि बेटावरची माणसे मातीने भरलेल्या टोपल्या घेऊन रांगेत उभी राहिली. रांग लांब होती, माणसे कमी होती. सर्वांत जवळ नंदिक उभे होते. एका बाईने त्यांच्या हातातले जोडे काढून बाजूला ठेवले आणि टोपली दिली. नंदिकांनी ती पुढे केली. पुढे पिंगल होते.

"हळू, अमात्य, सांडतंय."

"तुमच्या टोपलीलाच तळ नाही."

"तुमच्या मोजणीपेक्षा बरा आहे."

टोपल्या जात राहिल्या. राजाही उठून रांगेत लागला, आणि ज्या टोपलीवर तो बसला होता तीही भरून आली. नंदिक धापा टाकत म्हणाले, "आमच्या भट्ट्या तुम्ही मोजा."

"काय?"

"आमच्या तुम्ही मोजा, तुमच्या आम्ही मोजतो. भट्ट्या नकोत, राखेचे ढीग मोजू. राख छपराखालची की उघड्यावरची, कोण विचारतो?"

पिंगलांनी तीन टोपल्या पुढे दिल्या. मग म्हणाले, "आधी विझवायच्या कोणी?"

"तुम्ही. अर्ध्या, पुढच्या पौर्णिमेच्या आत. आमच्या अर्ध्या तीन वर्षांत. आणि तोवर तुमची वाफ्यांवरची माणसे आमच्याकडे पाठवा, शिकवायला."

"माझ्या नगरात मला दारात उभे करणार नाहीत."

नंदिकांनी पुढची टोपली दिली. पिंगलांच्या घोट्यापर्यंत पाणी आले होते. त्यांनी खाली पाहिले.

"पाठवतो," ते म्हणाले.

"आणि पट्टा?" सिप्पीने खालून विचारले. ती गुडघाभर पाण्यात होती.

"पट्टा तोडायचा नाही," दोघे म्हणाले. अकरा वर्षांत एकच वाक्य त्या दोघांच्या तोंडून आले ते हे.

राजाने ठरलेले सगळे तीनदा मोठ्याने उच्चारले, सभेच्या लेखनिकाने ओल्या हाताने लिहून घेतले. मग राजाने धीरकांना खूण केली. धीरकांनी बोट काढले. पात्र बुडाले. त्यांनी झांजेवर टोला दिला.

थोड्या वेळाने भरती ओसरू लागली. बांध त्या दिवशी टिकला. सभासद चिखलाने माखून उतारावर बसले होते आणि आपण फार मोठे काम केले असे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होते. सिप्पी हात धूत म्हणाली, "राजा, अर्ध्या भट्ट्या विझल्या तर पाणी अर्धंच येईल का?"

या सभेत असल्या प्रश्नाला उत्तर द्यायची पद्धत नव्हती. तरी राजाने दिले. "नाही येणार, आई."

"मग उरलेल्या अर्ध्यांचं बोलायला पुढच्या साली इथंच या. टोपल्या आपापल्या आणा."

निघताना पिंगलांनी धीरकांच्या शिक्षेची आठवण दिली. राजाने धीरकांनाच विचारले, काय करू. धीरक म्हणाले, "मला कामावरून काढा, महाराज. पात्र मात्र इथेच राहू द्या." तसे झाले. धीरक बेटावर राहून तिवरांची रोपे लावू लागले आणि सिप्पीची नात पात्र सांभाळू लागली. पुढच्या वर्षी उत्तरकूलच्या माणसांनी लवणपट्टणची राख मोजली, तेव्हा सात भट्ट्या चोरून चालू निघाल्या. फार भांडण झाले. पण ते बांधावर, भरतीच्या वेळी झाले, त्यामुळे लवकर मिटले. सातही विझल्या. पात्र धरण्याची चाल त्या किनाऱ्यावर पुन्हा कोणी पाळली नाही.

कोसंबी नगरातले दोन भिक्षू भांड्यात उरलेल्या पाण्यावरून भांडू लागले आणि सारा संघ दुभंगला, तेव्हा बुद्ध झालेल्या शास्त्यांनी ही कथा सांगितली. सांगून ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचे पिंगल आणि नंदिक म्हणजे आज भांडणारे हे दोघेच. कोणालाही दुखवू न शकणारा राजा म्हणजे भिक्षू आनंद. पाण्याने जिची माणसे नेली ती सिप्पी म्हणजे भिक्षुणी पटाचारा. आणि छिद्राला बोट लावून वेळ थांबला असे अकरा वर्षे सांगणारा, व मग ते सांगणे सोडणारा धीरक, तो मी होतो."

या जन्मात बोधिसत्त्वांनी सत्यपारमिता, म्हणजे सत्याची पूर्णता, आचरली. तिचा आरंभ स्वतःच्या खोट्यापासून झाला.