सोनगव्हाणच्या मंडळीचा ठराव

दुपारचे तीन. नोव्हेंबर १९४८, सोनगव्हाण. चर्चमागच्या पाळकनिवासाचा व्हरांडा.

"मग सही करताय ना, पाळकसाहेब?" वकील शांतवन पारधे यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

टेबलावर घटना समितीला द्यायचं निवेदन होतं. नवं राष्ट्र ख्रिस्ताच्या तत्त्वांवर उभं राहावं, ही मागणी. पारधे ते घेऊन संध्याकाळच्या गाडीनं दिल्लीला निघणार होते. वृद्ध रेव्हरंड नथान आढाव यांच्या सहीशिवाय त्याला वजन नव्हतं.

पारध्यांना बायबल शिकवलं ते आढावांनीच.

"वाचून दाखव."

"'आम्ही सारे एका प्याल्यातून पितो. उच्चनीच न मानणारं राष्ट्र कसं असेल, ते आमच्या मंडळीत येऊन पाहा.'"

"झकास. आणि दिल्लीचे लोक खरंच आले तर?"

"येऊ द्या की!"

आढाव उठून चर्चमध्ये गेले. परतले तेव्हा एका हातात प्रभुभोजनाच्या विधीत साऱ्यांनी ओठ लावायचा चांदीचा प्याला होता, वापराविना काळा पडलेला. दुसऱ्या हातात लाकडी तबक. त्यात बोटभर उंचीचे काचेचे पेले, लख्ख पुसलेले, प्रत्येकाला वेगळा.

"यातलं काय दाखवू त्यांना?"

"पेले आरोग्यासाठी आणले होते. क्षयाची साथ…"

"कुठं होती साथ?"

पारधे निवेदनाचा कागद सरळ करू लागले.

"मांगवाड्यातल्या नऊ घरांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या रविवारी त्यांचे ओठ या प्याल्याला लागणार होते. आदल्या शनिवारी मंडळीची कमिटी बसली. गावानं आपल्या आज्यांना पाणवठ्यावर चढू दिलं नाही, हे जगाला रडून सांगणारे आपणच सातजण तिथं बसलो होतो."

"वेगळ्या पेल्यांचा ठराव एकमतानं झाला होता, पाळकसाहेब."

"मांडलास तू. खाली सही माझी."

पारध्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली.

"ते वाक्य खोडतो. बाकी तत्त्वं तर खरी आहेत ना?"

"खरी आहेत रे. तेच तर…"

आढावांनी काळा प्याला त्यांच्या हातात ठेवला. "हा घेऊन मांगवाड्यात जा."

"आत्ता? गाडी चुकेल माझी! आणि तिथं जाऊन बोलू काय?"

आढावांनी तबक टेबलावर ठेवलं.

"त्या रविवारी ती माणसं धुतलेले कपडे घालून दारात आली. तबक पाहिलं. आल्या पावली परत गेली. चौदा वर्षं झाली, शांतवन… आपल्यातलं कुणीही अजून त्यांच्या दारात गेलेलं नाही."