शेकरूचे शेवटचे घरटे

डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक शेकरू राहत असे. शेकरू म्हणजे झुपकेदार शेपटीची मोठी, तांबूस खार, हे तुम्हाला ठाऊक असेलच, मुलांनो. उंच फांदीवर काटक्यापानांचे घरटे विणावे तर तिनेच! पण इतरांची घरटी विणता विणता तिचा जन्म गेला. थोरल्या लेकीचे बाळंतपण आले, दिले घरटे. धाकट्या लेकाचे वाऱ्याने मोडले, दिले घरटे. स्वतः मात्र ती कुणाच्या तरी घरट्यात कडेला अंग चोरून झोपे. "माझं काय, मी एकटा जीव," असे तीच म्हणे; मग इतरांनी का म्हणू नये?

एके दिवशी काटकी तोंडात धरून उडी मारताना तिचा पाय निसटला. खालच्या फांदीने झेलले म्हणून बरे, नाहीतर कपाळमोक्षच होता. शेजारची वानरीण म्हणाली, "अगं, हात चालताहेत तोवर स्वतःचा निवारा कर. उद्या उडी साधेनाशी झाली तर जाशील कुठे?" शेकरू घाबरली. आता आपल्या अंगात एकच घरटे उरले आहे, हे तिला कळून चुकले.

ते तिने उंबराच्या भक्कम फांदीवर, फळे हाताशी येतील अशा बेताने सावकाश विणले. शेवटचे पान लावते न लावते तोच थोरली आली. "आई, हे आम्हाला दे ना! पिल्लं मोठी झालीत, जागा पुरत नाही. तू काय, कुठेही राहशील."

सवयीचा होकार शेकरूच्या अगदी ओठांवर आला. पोटची पोर ती, जीव तुटणारच! पण तिला ती निसटलेली उडी आठवली. "हे नाही मिळायचं, बाळा," ती म्हणाली. "हे माझ्या म्हातारपणाचं आहे. तुझं तू विण. काटकीत काटकी कशी अडकवायची, ते मी इथे बसून सांगते."

थोरली फुगून निघून गेली. मग एका सकाळी मुकाट्याने काटकी घेऊन आली. तिचे पहिले घरटे वाकडे झाले, दुसरे जमले. ते पाहून जंगलातली इतर पोरेही शिकायला येऊ लागली. येताना कुणी जांभूळ आणी, कुणी हिरडा. शेकरूचे पोटही भरू लागले आणि दिवसही मजेत जाऊ लागले.

पुढच्या वर्षी थोरली पुन्हा विणताना दिसली. "आता हे कुणासाठी गं?" शेकरूने विचारले.

"माझ्यासाठी," थोरली म्हणाली. "हात चालताहेत तोवर."

तात्पर्य : आपल्या माणसांसाठी जरूर राबावे, पण उतारवयाची सोय अंगात बळ आहे तोवरच करून ठेवावी. त्याला स्वार्थ म्हणत नाहीत.