ज्याचं पान त्यानं उचलावं

मार्गशीर्ष वद्य पंचमी, वार मंगळवार. आभाळ कोरडं, वारा उत्तरेचा, ओठ चाटले तर खारट लागावेत असा. तिथी-वार आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की आजी मनचं सांगते. तान्या, पाय आत घे. रेवा, पांघरूण त्यालाही दे थोडं.

तर एकदा काय झालं. समुद्रात एक बेट होतं, बांगडीसारखं वाटोळं, म्हणून नाव काकणबेट. बेटावर तीनशे बारा चुली. कडेनं सगळी मिठागरं आणि मधोमध गोड्या पाण्याची एक विहीर. एकच, बरं का. लोक मीठ पिकवायचे, होडीनं शेजारच्या बेटावर मीठ विकून तांदूळ आणायचे. आणि त्यांची एक रीत होती. जेवण झालं की ज्याचं पान त्यानं उचलायचं. लग्न असो नाहीतर तेरावं. राजासुद्धा आपलं पान आपण उचलायचा. आपलं उष्टं दुसऱ्याला उचलायला लावणारा माणूस त्या बेटावर पाहुणा म्हणूनही नको असायचा.

मग राजाच्या तीन मेहुण्यांना अक्कल सुचली. त्यांनी पेढी काढली. साता समुद्रापलीकडे एक सोनशेठ राहायचा. त्याच्याकडून गलबतं भरभरून सोनं उसनं आणायचं ठरवलं. राजाला म्हणाले, "दाजी, शिक्का मारा. सोनं पेरू, सोनं उगवेल." राजानं शिक्का मारला. कागद वाचला नाही. मला अजून राग येतो बघा त्याचा. शिक्का मारायला हात आहेत आणि वाचायला डोळे नाहीत!

मघाशी सांगितलं त्या मंगळवारी मेहुण्यांनी राजवाड्यात मेजवानी दिली. केळीची एकशे त्रेचाळीस पानं मांडली. सगळे पाहुणे जहाजातून आलेले. बेटावरच्या एकाही चुलीला बोलावणं नव्हतं. मीठ वाढायला मात्र आवडाबायला बोलावलं. ही आवडाबाय मिठागरात राबणारी, कमरेत वाकलेली, जिभेनं सरळ. मीठ पानात सगळ्यात आधी वाढतात, माहीत आहे ना? म्हणून तिनं प्रत्येक पान पाहिलं, आणि पानामागचं तोंडही.

जेवणं झाली. तिघे मेहुणे ढेकर देत उठले. म्हणाले, "पानं उचलायला माणसं बोलवा." पाहुणेही तसेच उठले. राजानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. त्याला आपल्याच रीतीची लाज वाटली. मग तोही पान टाकून उठला.

आवडाबाय म्हणाली, "मी नाही हात लावणार." तिनं जेवणघराचं दार ओढलं आणि कडी घातली. दुसरं कुणीही ती कडी काढायला गेलं नाही.

वर्ष गेलं. सोनं काही उगवलं नाही. एका सकाळी पेढीला कुलूप, आणि तिघे मेहुणे होडीत बसून पसार. मग सोनशेठचं जहाज आलं. त्यातून त्याचा मुनीम उतरला, बगलेत शिक्क्याचा कागद.

पहिल्यांदा तो म्हणाला, "चुलीमागे रोज एक मूठ तांदूळ." राजा म्हणाला, "द्या, आपलंच देणं आहे." लोकांनी दिला. मुलांची पेज पातळ झाली.

दुसऱ्यांदा म्हणाला, "निम्मं मीठ." लोकांनी दातओठ खाल्ले, पण दिलं. मुलांची पेज आणखी पातळ झाली.

तिसऱ्यांदा म्हणाला, "आता विहीर. यापुढे पाणी आमच्याकडून विकत घ्यायचं."

त्या दिवशी आवडाबायची नात नऊ दिवसांची होती. सुनेच्या पोटात पेजेचं पाणीच होतं, आणि त्या पाण्यावरच कसंबसं दूध उतरत होतं. विहीर गेली की दूध जाणार, दूध गेलं की पोर जाणार. आवडाबायनं रिकामी घागर उचलली आणि राजवाड्याच्या पायरीवर दाणकन उपडी घातली. मग शेजारणीनं घातली. मग तिच्या शेजारणीनं. दुपारपर्यंत तीनशे बारा घागरी उपड्या पडल्या, आणि मागे माणसं उभी. इतकी चिडलेली की कुणी ओरडतसुद्धा नव्हतं.

मुनीम म्हणाला, "राजानं घेतलं म्हणजे राज्यानं घेतलं. राज्यानं खाल्लं म्हणजे तुम्ही खाल्लं."

"आम्ही खाल्लं?" आवडाबाय म्हणाली. "दिलंस तेव्हा आमच्यातल्या कुणाला विचारलं होतंस रे? मीठ मी वाढलंय. कुणी खाल्लं ते मला विचार!"

तिनं जेवणघराची कडी काढली. आत एकशे त्रेचाळीस पानं तशीच. वाळून काळी पडलेली, आणि प्रत्येकावर मिठाचा पांढरा डाग. "बेटाची रीत आहे. खाणाऱ्यानं पान उचलावं. आमच्यातलं कुणी उचललं तर घे त्याच्याकडून."

मुनीम हुशार. त्यानं मनात म्हटलं, भुकेली माणसं आहेत, वाकतील. तो म्हणाला, "तीन दिवस देतो. निम्मी पानं तुम्ही उचललीत की विहीर माझी. नाहीतर जो उचलेल, फक्त त्याच्याकडून घेईन." राजानं शिक्का मारला. या वेळी वाचून.

पहिल्या दिवशी मुनिमानं दारात तांदळाची पोती रचली. "पान उचला, पोतं न्या." लोक आत आले, पोत्यांकडे पाहिलं, पानांकडे पाहिलं, निघून गेले. एक म्हातारा तेवढा म्हणाला, "हे तर आमचेच तांदूळ. मुठी ओळखतो मी."

दुसऱ्या दिवशी मुनिमानं दम दिला. "पुन्हा जहाज येणार नाही. गूळ नाही, कापड नाही, सुई नाही." एक बाई म्हणाली, "फाटकं नेसू. जा." कुणी पान उचललं नाही.

तिसऱ्या दिवशी राजा स्वतः हात जोडून उभा राहिला. "बायांनो, उचला. माझ्या शब्दाची लाज राखा."

आवडाबाय पुढं आली. त्या दिवशी तिच्या नातीचं बारसं होतं, तरी आली. म्हणाली, "महाराज, तुमची लाज त्या कोपऱ्यात पडलीय. खिडकीकडून चौथं पान. लिंबाची फोड तशीच आहे, तुम्हाला आंबट चालत नाही."

राजा पाहत राहिला. मग तो खाली वाकला. गुडघे कडकड वाजले. त्यानं आपलं पान दोन्ही हातांनी उचललं, बाहेर नेलं आणि उकिरड्यावर टाकलं.

"आता तू," आवडाबाय मुनिमाला म्हणाली.

"मी?"

"दाराकडून सत्ताविसावं. दोनदा मीठ मागितलंस. विसरलास, मेल्या?"

सगळं बेट हसलं. वर्षभरानं पहिल्यांदा. मुनीम लाल झाला, पण वाकला नाही. राजाचा चांदीचा झोपाळा आणि पलंग तेवढा त्यानं जहाजात चढवला आणि गेला. तिघे मेहुणे काही सापडले नाहीत. कुठंतरी दुसऱ्याच्या पंगतीत बसले असतील मेले.

दोन वर्षं जहाज आलं नाही. बारशाला साखर नव्हती, नुसत्या मिठाच्या घुगऱ्या वाटल्या. पण पेज पुन्हा दाट झाली, पोर वाढली, राजा चटईवर झोपायला शिकला आणि सगळे सुखात राहिले. तसे तुम्हीही राहा. घोटभर पाणी प्या नि डोळे मिटा आता. रेवा, कुजबुज पुरे. शेवटी काय झालं तेवढं ऐका.

मांडलेली पानं एकशे त्रेचाळीस. उचललेलं एक. विहीर बेटाची.